हे सीमेवर होते तेव्हा: एप्रिल ते सप्टेंबर २०२५

गेल्या महिन्यात गावाकडच्या एका मुलीने विचारलं, "वैनी, मे महिन्यात तुम्ही फोनबिगर कसं काढलंसा?" तिच्या नवऱ्याची पहिल्यांदाच फील्डला, म्हणजे घरच्यांना सोबत नेता येत नाही अशा ठिकाणी, बदली झालीय. तिला सांगता सांगता तास गेला, तरी निम्मं राहून गेलं. म्हणून सगळं एका जागी लिहून काढते. युनिटचं नाव, ठिकाण, पिन कोड यातलं काहीही इथे येणार नाही, आणि तुम्हीही कुठे लिहू नका.

थोडं आमच्याविषयी. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, लेक तिसरीत आहे. सासू-सासरे, म्हणजे आत्या आणि मामा, कागल तालुक्यात गावी असतात. मामा स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. आपल्या जिल्ह्याला फौज नवी नाही. शिरोळकडे सैनिक टाकळीसारखं गाव आहे, गडहिंग्लज-चंदगडकडे घरटी माणूस सैन्यात, टेंबलाईवाडीला टेरिटोरियल आर्मीची मराठा बटालियन. लग्नानंतर मीही दोन फील्ड पोस्टिंग बघितली होती. पण तेव्हा युद्ध नव्हतं.

जोतिबाच्या चैत्र यात्रेला, १२ एप्रिलला, हे सुट्टीवर होते. सुट्टी मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत होती. २२ एप्रिलला पहलगाम झालं. २५ ला सकाळी युनिटमधून फोन आला, सुट्टी रद्द. कोल्हापूरहून निजामुद्दीनला जाणारी गाडी आठवड्यातून एकदाच, मंगळवारी. तेवढं थांबणं शक्य नव्हतं, म्हणून २७ ला मिरजेहून गोवा एक्सप्रेस धरायची ठरली. रिझर्वेशन मिळालं नाही.

मधला दीड दिवस आम्ही ओटीपीच्या मागे घालवला. बँक, गॅस, आधार, शाळेची फी, गावच्या शेताची ई-पीक पाहणी, सगळ्याला ह्यांचा कोल्हापूरचा नंबर जोडलेला. तो प्रीपेड. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालतं. म्हणजे तिकडे गेल्यावर त्या नंबरवर येणारा एकही ओटीपी आम्हाला मिळणार नव्हता. मला आधी वाटलं, नंबर पोस्टपेड करून टाकावा. मग ह्यांनी त्यांच्या सोबतच्यांची रीत सांगितली: जुना नंबर घरीच ठेवायचा. कोल्हापूरचं सिम कपाटातल्या जुन्या फोनमध्ये घातलं आणि तो फोन टीव्हीशेजारी चार्जिंगला लावला. नंबर बंद पडू नये म्हणून सगळ्यात लहान रिचार्ज मारत राहायचं. तिकडे वापरायला त्यांच्याकडे तिकडचं सिम होतंच. माझ्या मते फौजीच्या बायकोने सगळ्यात आधी करायचं काम हेच. प्रेमाची बोलणी नंतर होतात, पण गॅसचा नंबर लागला नाही तर त्या दिवशी घरात दुसरं काही सुचत नाही.

२५ तारखेला, शुक्रवारी दुपारी, बँकेत पळालो, कारण २६ ला चौथा शनिवार. जॉइंट खात्यावर माझा नंबर घातला, नॉमिनीचं नाव तपासून घेतलं. नॉमिनी हा शब्द काउंटरवरच्या बाईंनी जरा हळूच उच्चारला. आम्ही दोघं एकदम मोठ्याने बोलायला लागलो, गावी जाऊन यायचं, गाडीचं पंक्चर काढायचं, असलं काहीतरी.

निघायच्या आदल्या रात्री ह्यांनी लेकीच्या वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं: सर्व्हिस नंबर, रँक, रेकॉर्डला जसं आहे तसं इंग्रजी स्पेलिंगसह नाव, कंपनी, पूर्ण पत्ता, पिन, आणि युनिटच्या रिअरचा फोन. रिअर म्हणजे युनिट पुढे गेल्यावर मागे राहिलेलं ऑफिस. खाली कंपनीतल्या दोन घरांचे नंबर. त्या पानाच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक गावी मामांच्या ट्रंकेत, एक माझ्या पर्समध्ये. फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवला नाही, हे मामांनी बजावलं होतं.

६ मेच्या संध्याकाळी फोन आला. नेहमीसारखाच, लेकीच्या सुट्टीत काय काय चाललंय वगैरे. शेवटी म्हणाले, "दोन-चार दिवस लागला नाही तर लावत बसू नकोस." मी "बरं" म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तेव्हा ऑपरेशन सिंदूरची बातमी सगळीकडे होती.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते नीट सांगता येत नाही. फोन "संपर्क क्षेत्राच्या बाहेर". टीव्हीवर सायरनचे आवाज. ८ मेच्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची बातमी चालली, लोकांनी पेढ्यांचे फोटो टाकले, सकाळी कळलं की तसलं काही झालंच नव्हतं. त्याच दिवसांत पूंछ, राजौरी, उरीकडे तोफगोळे पडत होते, आणि ते मात्र खरं होतं. मी केबल काढून ठेवली. बातम्या दिवसातून दोनदा, त्याही फक्त सरकारी पत्रकार परिषदेत जे सांगतील तेवढ्याच. शेजारच्या काकू प्रेमाने सांगायला यायच्या, "अगं, तिकडं असं झालं म्हणं." त्यांना एक दिवस दारातच सांगितलं, काकू, चहाला या, बातमी नको. त्यांना राग आला नाही. उलट रोज संध्याकाळी लेकीला आपल्याकडे खेळायला न्यायला लागल्या.

उपयोगी पडला तो कंपनीतल्या बायकांचा ग्रुप. कुणी साताऱ्याची, कुणी बेळगावची, कुणी लातूरची. सुभेदार साहेबांच्या मिसेसनी पहिल्याच दिवशी दोन नियम घातले. ठिकाण कुणी लिहायचं नाही आणि ऐकीव काही टाकायचं नाही. ज्या घरी फोन येईल तिने फक्त लिहायचं, "बोलणं झालं, सगळे बरे आहेत." तिकडे चौकीवर एखाद्याला बोलायला मिळालं की तो बाकीच्यांचीही खुशाली सांगतो, म्हणजे एका घरचा फोन हा सगळ्यांचाच. ९ तारखेला लातूरच्या वहिनींचा असा मेसेज आला आणि त्या रात्री मी जेवले.

याच दिवसांत एक फोन मलाही आला. हिंदीत, मोठ्या अधिकाराने: "आपके हसबंड की यूनिट से बोल रहा हूँ, उनकी अभी की लोकेशन कन्फर्म करनी है." फोन ठेवला आणि वहीतल्या नंबरवर रिअरला लावला. तिथल्या क्लार्कने सांगितलं, असा फोन आम्ही करत नाही, नंबर द्या. युनिटला त्यांचा माणूस कुठे आहे हे तुमच्याकडून कळून घ्यायची गरज नसते. अशा वेळी फोन ठेवून आपल्याकडच्या नंबरवर आपण लावायचा. डीपीला वर्दीतला फोटो असेल तर तोही काढून टाका.

१० मेला संध्याकाळी पाचपासून शस्त्रसंधी झाल्याचं जाहीर झालं. ह्यांचा फोन आला १२ तारखेला, सोमवारी दुपारी. मी पोळ्या करत होते. "जेवलीस काय?" एवढंच विचारलं. मला रडू आलं आणि लेकीने फोन ओढून घेतला. तिने कॅरमचं पूर्ण गाऱ्हाणं सांगितलं, आणि फोन कट झाला.

त्या दिवसापासून मी फोनची वही केली. तिकडून फोन येतो तेव्हा मागे रांग असते आणि लाईन कधीही जाते. म्हणून सुचेल तसं त्या वहीत टिपून ठेवायचं आणि फोन आला की वरून सुरू करायचं. आधी ज्याला उत्तर हवं ते: विम्याचा हप्ता भरू का, आत्यांचा चष्मा कुठल्या डॉक्टरकडे. मग लेक. गावी असलो तर आत्या शेवटी, कारण त्या "जेवलास काय, थंडी हाय काय" हे तीनदा विचारतात आणि त्यांना थांबवणं मला जमत नाही. "कुठे आहेस, काय चाललंय" हे कुणीच विचारायचं नाही. विचारलं तर त्यांना खोटं सांगावं लागतं किंवा गप्प बसावं लागतं, आणि दोन्हींत आपली मिनिटं जातात.

पण पुढचे महिने तरले ते पत्रांवर. ही कल्पना मामांची. १९८८ साली ते शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते तेव्हाची त्यांची पत्रं ट्रंकेत आहेत. प्रत्येकाच्या कोपऱ्यात आकडा. आत्यांना वाचता येत नव्हतं, शाळेतले गुरुजी वाचून दाखवायचे आणि उत्तरही तेच लिहायचे. मामा म्हणाले, "नंबर घाल. म्हंजे कुठलं पोचलं न्हाई ते त्याला कळतंय." त्यांच्या एका पत्राची सुरुवातच अशी आहे: "तुमचे ९ व ११ मिळाले, १० नाही." मीही ८ मेला पहिलं आंतर्देशीय पत्र टाकलं आणि कोपऱ्यात १ लिहिलं. टीव्ही बंद केल्यावर हातांना काहीतरी हवं होतं.

पत्ता लिहायची पद्धत: सर्व्हिस नंबर, रँक, नाव, कंपनी आणि युनिट, मग "द्वारा ५६ एपीओ" आणि ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिन. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. पूर्वेकडच्या युनिटना ९९ एपीओ असतं. गाव, जिल्हा, राज्य काहीही लिहायचं नाही. पत्र लष्कराच्या टपाल खात्याकडे जातं आणि युनिट कुठे आहे ते त्यांना माहीत असतं, युनिट हललं तरी पत्र मागोमाग जातं. जिथे मी पहिलं स्पीड पोस्ट करायला गेले तिथला नवीन मुलगा म्हणाला, "मॅडम, शहराचं नाव लागतंय, त्याशिवाय घेता येत नाही." मी म्हटलं, नुसता पिन टाकून बघा. त्याने दोनदा मान हलवली. मागच्या टेबलावरचे वयस्कर गृहस्थ उठून आले, पिन टाकला, पावती काढली आणि त्याला म्हणाले, "फौजेचं हाय हे." त्यांचा मुलगाही तिकडेच होता. खाजगी कुरिअरवाले एपीओचा पत्ता घेत नाहीत, तिकडे फेरी मारू नका.

खर्च म्हणाल तर आंतर्देशीय पत्र अडीच रुपये. त्यात कागद किंवा फोटो घालायचा नाही. लेकीचं चित्र पाठवायचं तर पाच रुपयांचं पाकीट. स्पीड पोस्टचं साधं पाकीट तेव्हा ४१ रुपये ३० पैशांना जायचं. ऑक्टोबर २०२५ पासून दर बदललेत आणि रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टातच विलीन झालंय, तेव्हा काउंटरवर विचारून घ्या. ट्रॅकिंगवर पाकीट लष्करी टपालाकडे गेल्याचं दिसलं आणि पुढे काहीच हललं नाही. घाबरायचं नाही, पुढचा प्रवास तिथे दिसत नाही. माझं १ नंबरचं पत्र मेच्या तिसऱ्या आठवड्यात मिळालं, २ नंबरचं त्याच्या आधी.

लिहायचं काय, हा प्रश्न मला पहिल्या दोन पत्रांनंतर पडला. "काळजी घ्या, आम्ही मजेत" हे किती वेळा लिहिणार? मग घरातलं बारीकसारीक लिहायला लागले. खालच्या घरमालकांनी गेट रंगवलं, रंग भयानक आहे. रंकाळ्यावर भेळ महागली. लेकीने सात अधिक आठ सोळा लिहून बाईंशी वाद घातला. ह्यांनी नंतर सांगितलं की गेटच्या रंगावर तिकडे चार जणांची चर्चा झाली, एकजण रंगारी घराण्यातला होता. फोनवर असलं कुणी बोलत नाही, तिथे वेळ नसतो. आणि पत्र परत परत वाचता येतं. ह्यांचं उत्तर दोन-तीन ओळींचं असतं, माणूसच तसा. मी कधी त्यावर रुसले नाही म्हणणार नाही, पण पत्रावर तारीख आणि त्यांचं अक्षर असलं की माझं भागायचं.

जूनमध्ये पार्सल केलं. कांदा-लसूण चटणी, शेंगदाण्याची चटणी, भडंग, चकल्या. ह्यांनी पॉवर बँक मागितली होती, ती बॅटरीमुळे घेतली नाही. तेलाचं काही असेल तर दुहेरी पिशवीत, मग डब्यात, झाकणाला टेप. आत्यांनी चटणीची बरणी काचेची दिली होती, ती मी घरी ठेवून घेतली. पाऊण किलो चटणी दोन दिवसांत संपली असं कळलं. युनिटात कोल्हापूरचा माणूस असला की चटणी त्याची एकट्याची राहत नाही.

पावसाळ्यात ह्यांचा पहिला प्रश्न बदलला: "राजाराम बंधाऱ्याला किती फूट?" पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. मी रोज सकाळी आकडा बघून वहीत लिहायला लागले. इतक्या लांब बसून माणूस नदीचं पाणी विचारतो, कारण ते विचारायला बंदी नसते.

१६ जुलैला पहाटे मामांच्या छातीत दुखायला लागलं. दिरांनी गाडीत घालून कोल्हापुरात आणलं, दुपारपर्यंत अँजिओप्लास्टी झाली. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं, कार्ड सोबत होतं म्हणून पैशाचा मोठा प्रश्न आला नाही. कार्ड आणि आधारची झेरॉक्स घरच्या माणसांना माहीत असलेल्या जागी ठेवा आणि दवाखान्यात शिरतानाच दाखवा.

आयसीयूच्या बाहेर आत्या म्हणाल्या, "पोराला काय बी कळवू नको. तिथनं तो काय करणार हाय? नुस्ता जिवाला घोर." त्यांचं म्हणणं हवेतलं नव्हतं. मामा श्रीलंकेत असताना त्यांची आई गेली. तार पोचली, रजा मिळाली, आणि ते घरी आले तेव्हा तेरावा होऊन गेला होता. त्या महिन्यात माणूस भिंतीशी बोलायचा, असं आत्या सांगतात. दीरही त्यांच्याच बाजूने.

मला पटलं नाही. तारेचे दिवस गेले, ती सेवाच २०१३ ला बंद झाली. आता पाहुण्यांपैकी कुणीतरी दवाखान्यातला फोटो स्टेटसला टाकणार आणि ह्यांना रेंज आल्या आल्या तो दिसणार. अर्धवट बातमी अशी पोचण्यापेक्षा पूर्ण बातमी आपण द्यावी. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा बोलायला लागले तेव्हा त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "कळीव. तिकडं माणूस घरच्या पत्रातली वळ न वळ ताडून बघतोय. लपवल्यालं कळतंय." आत्या माझ्याशी दोन दिवस तुटक बोलल्या.

ह्यांचा फोन लागत नव्हता, म्हणून रिअरला लावला. क्लार्कने सर्व्हिस नंबर, रँक, कंपनी, आजारी कोण, नातं, दवाखान्याचं नाव, डॉक्टरांचा नंबर, माझा नंबर हे क्रमाने विचारलं. वहीचं पान समोर होतं. मी निरोप आधीच लिहून काढला होता: वडिलांना १६ ला हार्ट अटॅक आला, ऑपरेशन झालं, धोका टळलाय, शुद्धीवर आहेत, भाऊ जवळ आहे, लगेच येण्याची गरज डॉक्टर सांगत नाहीत. "वडील सिरियस" एवढंच कळवलं तर माणूस तिथे वेडा होतो आणि साहेबालाही रजेचं काय करायचं ते कळत नाही. आत्ताची स्थिती काय, जवळ कोण आहे आणि यायला हवं की नको, ही तीन उत्तरं निरोपातच हवीत. डॉक्टरांचं सर्टिफिकेटही मागितलं, ते त्याच दिवशी पाठवलं. त्यांनी दवाखान्यात फोन करून खात्रीही केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ह्यांचा फोन आला. आधी डॉक्टरांशी बोलले, मग मामांशी. मामा आवाज चढवून म्हणाले, "मी बरा हाय, तू ड्यूटी कर." आत्यांनी फोन घेतला आणि या वेळी त्यांनी जेवणाचं विचारलं नाही. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, मी औषधं आणायला खाली गेले होते.

रजा तेव्हा मिळाली नाही. गणपतीही हुकले. १० सप्टेंबरला हे घरी आले, पितृपंधरवड्यात. मामांना सोबत घेऊन तपासणीला गेले, बँकेत राहिलेल्या दोन सह्या केल्या, आणि एका दुपारी माझी सगळी पत्रं बॅगेतून काढून क्रमाने लावली. ७ नंबर कधीच पोचलं नव्हतं. त्यात काय होतं ते मला आता आठवत नाही, पण सुट्टीभर ते विचारत राहिले.

आता ते परत गेलेत. सिम पुन्हा जुन्या फोनमध्ये, फोन टीव्हीशेजारी. दिवाळीचा फराळ पाठवणाऱ्यांनी निदान तीन आठवडे आधी टाका, सणाच्या तोंडावर पोस्टात रांग मोठी असते. पार्सलचं वजन घरीच करून जा, खोक्यावर पत्ता दोन बाजूंना लिहा आणि एक चिठ्ठी आतही ठेवा. चकल्या वरच्या थरात.